साडेपंचवीसची मालिका

जपानी टीव्हीच्या वेळापत्रकात रात्रीचे पंचवीस वाजतात. २५:३० असं छापलेलं असलं की समजायचं, मध्यरात्र उलटून दीड. दिवस संपला हे कबूलच करायचं नाही, तो तसाच पुढे ताणायचा, ही युक्ती मला फार भावते. कितीतरी ॲनिमे मालिका अशाच अवेळी लागतात. जपान आपल्यापुढे साडेतीन तास, म्हणजे त्यांचे साडेपंचवीस हे आपले रात्रीचे दहा. टोकियोतला चाहता डोळे चोळत जे बघतो, ते आपण जेवणं उरकून, बडीशेप चघळत बघू शकतो. भूगोलाने आपल्यावर केलेल्या उपकारांत हा मी वरचा मानतो.

ॲनिमेचं वर्ष चार ऋतूंचं. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. दर ऋतूला नव्या मालिकांची झुंबड, आणि बहुतेकींचे भाग बारा-तेरा. आपले ऋतू मात्र या हिशेबात बसत नाहीत. २०२५च्या जुलैत ‘द समर हिकारू डाइड’ सुरू झाली, तेव्हा इथे आषाढ कोसळत होता आणि पडद्यावर रणरणतं ऊन, सिकाडांची कानठळ्या बसवणारी किरकिर. योशिकीचा डोंगरात गेलेला मित्र हिकारू परत येतो, पण तो आता तो नसतो. योशिकीला हे कळलेलं असतं आणि तरी त्याला सोडवत नाही. भीती भुतात नाही, त्या न सोडवण्यात आहे. सिकाडांचा आवाज थांबला की अंगावर काटा यायचा. भयकथा करावी तर अशी.

बाकी ऋतूत पालापाचोळाही पुष्कळ. कुणीतरी ट्रकखाली सापडतो, दुसऱ्या जगात जन्म घेतो, तिथे सर्वशक्तिमान होतो. या मालिकांची नावंच इतकी लांब असतात की नाव वाचून झालं की कथा कळते. पहिला भाग पाहून मी रजा घेतो. तिसऱ्या भागापर्यंत थांबावं असा चाहत्यांमधला संकेत आहे. २०११च्या ‘मादोका मागिका’ने तिसऱ्या भागात असा काही हादरा दिला, की तेव्हापासून हा संकेत अधिकच पक्का झाला. पण तिसऱ्या भागात काही घडेल अशी धुगधुगी तरी पहिल्यात हवी.

‘फ्रीरेन’ने मात्र घाईच केली नाही. २०२३च्या सप्टेंबरअखेर आली, मार्चपर्यंत अठ्ठावीस भाग चालली. राक्षसांच्या राजाला मारून वीर घरी परततात, आणि इतर कथा जिथे संपतात तिथे ही सुरू होते. फ्रीरेन एल्फ आहे, हजाराहून अधिक वर्षं जगलेली. त्या वीरांतल्या हिमेलसोबतचा दहा वर्षांचा प्रवास तिच्या लेखी चिमूटभर. मग हिमेल म्हातारा होऊन मरतो, आणि त्याच्या अंत्यसंस्कारात तिला रडू फुटतं, कारण त्याला ओळखून घ्यायचं राहूनच गेलेलं असतं. पुढे त्याच्या पुतळ्यापाशी त्याच्या गावचं निळं फूल लावायचं म्हणून ती महिनोन् महिने रानोमाळ शोधते. कुणी मागितलेलं नाही, त्यावाचून कुठलं युद्ध अडलेलं नाही, बक्षीस नाही. तिची शिष्या फर्न वैतागते, आणि आपणही थोडे वैतागतो. मग फूल सापडतं.

ही मालिका एका रात्रीत सगळी संपवणारे भेटतात, तेव्हा मला त्यांची कीव येते. हिमेल आठवायला दोन भागांच्या मधले सहा दिवस लागतात. जानेवारी २०२६मध्ये दुसरं पर्व आलं, दिग्दर्शक बदलला, साइतोंच्या जागी कितागावा आले. मला धास्ती होती. पण चाल तीच राहिली, रस्त्याने चालणारी, मधेच बसणारी.

‘वन पीस’चं उलटं. ऑक्टोबर १९९९पासून जवळजवळ दर आठवड्याला, अकराशेहून जास्त भाग. मूळ चित्रकथा, म्हणजे मांगा, पुढे सरकेना, म्हणून पाहुणे वाढले की आमटीत पाणी ओतावं तसं चाललेलं. एक ठोसा बसेपर्यंत दहा जणांचे वासलेले चेहरे! आता २०२६पासून वर्षाला जास्तीत जास्त सव्वीस भाग, असं निर्मात्यांनी ठरवलं. जुने चाहते हळहळले. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या.

माझा जीव सध्या ‘विच हॅट अतेलिए’त अडकलाय. ती आधी २०२५मध्ये यायची होती, मग २०२६वर ढकलली. यात जादू मंत्राने होत नाही, शाई-लेखणीने काढावी लागते. आणि जादूगारांच्या घरात न जन्मलेल्या कोकोला हे गुपित कळून जातं. मूळ मांगाकार कामोमे शिराहामांची रेघ इतकी बारीक, की मांगाचं एकेक पान जुन्या चित्रपुस्तकातलं वाटतं. ॲनिमेत अशी रेघ हलवायची म्हणजे हजारो वेळा काढायची. तिथे बहुधा रेघा कमी करतात, चेहरे गुळगुळीत होतात. म्हणून उशीर झाला याचा मला राग नाही. उशीर करून जर कोकोच्या झग्याच्या चुण्या वाचणार असतील, तर आणखी थांबायची तयारी आहे.

२०२६च्याच ऑक्टोबरात ‘द अपोथेकरी डायरीज’चं तिसरं पर्व. राजवाड्यातली औषधवाली माओमाओ, विष चाखायला मिळालं की जिचा चेहरा खुलतो, अशी नायिका दुसरीकडे कुठे सापडणार? डिसेंबरात तिचा चित्रपटही जपानमध्ये येतोय. इकडच्या थिएटरांचा काही भरवसा नाही. पण २०१९मध्ये ‘वेदरिंग विथ यू’ हा ॲनिमे चित्रपट इथे लागावा म्हणून इथल्या चाहत्यांनी ५०,०००हून अधिक सह्या जमवल्या होत्या, आणि त्या ऑक्टोबरात मुंबईत तिकिटं मिळाली. माओमाओसाठी पहिली सही माझी.