कलमे, विनोद आणि किल्लारी

वकिलीची शेवटची परीक्षा म्हटली की घरावर सुतकाची कळा येते. आमची नात यंदा त्या परीक्षेस बसली आहे. परंतु ती रडत नाही, हसते. आम्हास ते मनापासून पसंत आहे.

हसण्यास कारणही तसेच आहे. 1860 सालच्या दंडसंहितेची जागा 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेने घेतली. कलमे 511 होती, ती 358 झाली. परंतु पाठ करणाराचे ओझे मात्र दुप्पट झाले. जुन्या अपराधांचे खटले जुन्याच कलमांनी चालावयाचे, म्हणून दोन्ही आकडे जिभेवर हवेत. खुनाच्या शिक्षेचे 302 आता 103 झाले. नव्या 302 मध्ये धर्मभावना दुखविण्याच्या हेतूने काढलेले शब्द येतात. जुन्या सवयीने उत्तर लिहिणारा निव्वळ वाचाळास फाशी देऊन मोकळा व्हावयाचा! 420 हे कलम तर नव्या संहितेत नाहीच. फसवणूक 318 मध्ये गेली. नात म्हणते, "आजोबा, दुधात पाणी घालणारास 'तीनशे अठरा' म्हटले तर त्यास ती पदवी वाटेल!"

आम्हीही रूपावली व अमरकोश असेच थट्टेच्या खुंटीस टांगून पाठ केले. भीतीने घोकलेले परीक्षेच्या दारातच गळते; हसून शिकलेले टिकते. येथून जवळच, चालुक्यांच्या कल्याणीस, विज्ञानेश्वराने 'मिताक्षरा' रचली. "अक्षरे मित, मग ग्रंथ एवढा का?" हा नातीचा प्रश्न आम्ही ऐकला न ऐकलासा केला.

एका कलमापाशी मात्र ती थांबली. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाचे ते 21 वे कलम. दोघे एकाच आपत्तीत गेले आणि आधी कोण गेला हे निश्चित होत नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत धाकटा मागाहून गेला असे वारसाहक्कापुरते मानावे, असे ते सांगते. अन्यत्र हे दोन गुणांचे उत्तर असेल. किल्लारीत 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे आजा, बाप आणि नातू एकाच दगडी भिंतीखाली गेले, अशी घरे होती. तेथे आधी कोण गेला, हे कोणी सांगावे?

नातीने ते कलम दोनदा वाचले आणि पुस्तक मिटले. त्यावर तिने थट्टा केली नाही. वाचकहो, परीक्षेचा निकाल लागावयाचा तेव्हा लागो. अशिलाच्या दुःखापाशी हसू आवरणारी वकीलीण ती होईल, एवढा भरवसा आम्हास त्या दिवशी आला.