तारखेचा रकाना

ती नोट टू फाइल आठवली की अजून माझं डोकं तापतं.

बी.फार्म. झाल्यावर पुढे शिकायला पैसे नव्हते आणि औषधांच्या दुकानात बसायचं नव्हतं. क्लिनिकल रिसर्चचा डिप्लोमा केला आणि पुण्यातल्या एका रुग्णालयात कोऑर्डिनेटर म्हणून लागले. पगार एजन्सीचा, हुकूम डॉक्टरांचे. उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्यांना नंतर चहा-बिस्किटं देण्यापासून औषधांचा फ्रिज २ ते ८ अंशांत आहे ना हे बघण्यापर्यंत सगळं माझ्याकडेच.

मधुमेहाची ट्रायल होती. खेडहून येणाऱ्या एक मावशी साक्षरता वर्गात सही शिकल्या होत्या. संमतीपत्रासाठी शाईचा पॅड पुढे केला तर म्हणाल्या, "अंगठा नको गं पोरी, सही करते मी." एकेक अक्षर जपून काढलं आणि तारखेच्या रकान्यापाशी थांबल्या. पैसे चोख मोजणाऱ्या बाई, पण आकडे लिहायची वेळ कधी आलीच नव्हती. बाहेर ओपीडी तुंबलेली. डॉक्टर मान वर न करता म्हणाले, "तू टाक ना." मी टाकली.

तीन महिन्यांनी कागद तपासायला आलेल्या मॉनिटरने ते पान उघडलं. सही करणाऱ्याने तारीख स्वतःच्या हाताने घालायची, हा नियम. वाचता येत नसेल तर निःपक्ष साक्षीदार हवा, हाही नियम. चूक झाली होती, मान्य. पण चुकीचा खुलासा म्हणून फाइलला लावलेल्या त्या नोटमध्ये लिहिलं गेलं, 'कोऑर्डिनेटरच्या अनवधानामुळे'. कोणाचं काम कोणतं हे लिहिलेल्या डेलिगेशन लॉगमध्ये संमती घेण्याचं काम डॉक्टरांच्या नावावर होतं, माझ्या नव्हे! "तू टाक" हे शब्द कुठेच नव्हते. मीटिंगमध्ये डॉक्टर फोन बघत बसले आणि जीसीपीचं, म्हणजे ट्रायलच्या नियमांचं, प्रशिक्षण पुन्हा घ्यावं लागलं ते मला. एजन्सीचा माणूस म्हणाला, "साइट टिकवायची आहे, गप्प बस." मी बसले. या कामात नव्याने येणाऱ्या मुलींना मी सांगते, तोंडी हुकूम आला की त्याच दिवशी सोर्समध्ये, म्हणजे मूळ नोंदींत, लिहा, कोण म्हणालं तेही लिहा.

एका तारखेवरून एवढा गहजब, असं तेव्हा वाटायचं. मग संमती नव्याने घ्यायची ठरली. ट्रायलशी संबंध नसलेल्या एक शिक्षिका साक्षीदार म्हणून बसल्या. या वेळी डॉक्टरांनी घाई न करता पानन् पान वाचून दाखवलं. मध्येच मावशींनी हात वर केला.

"म्हणजे नेहमीच्या गोळीबरोबर मला देताय ती औषधाविनाची पण असेल?"

तीन महिने त्या ती गोळी घेत होत्या. संमतीपत्रात शिक्षणापुढे 'साक्षरता वर्ग' असं मीच लिहिलं होतं, आणि तरी साक्षीदार बोलवायचं मला सुचलं नव्हतं.

"आधी का नाही सांगितलंस?" त्यांनी डॉक्टरांना नाही, मला विचारलं.

सांगितलं होतं, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. मावशींनी कागद घडी घालून पिशवीत ठेवले. "लेकाला विचारते," म्हणाल्या आणि त्या दिवशी सही न करताच एसटीला गेल्या.