ओल

आमच्या डोंबिवलीच्या घरी ज्यांचं येणंजाणं आहे, त्यांना आतल्या खोलीतला तो डाग ठाऊक असेल. कपाटाच्या बाजूला, जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर. आधी तळहाताएवढा होता. मग परातीएवढा झाला, पोपडे सुटले, पांढरा लोणा आला. आम्ही खरवडून लांबी भरली आणि वर चांगला ऑईलपेंट मारला. पुढच्या पावसाळ्यात त्या रंगाला हे एवढाले फोड! भिंतीतलं पाणी बाहेर पडायला वाट शोधतं, तीच आम्ही बंद केली होती.

दोष कुणाचा, हे मात्र आमचं केव्हाच ठरलं होतं. वरच्या वहिनींनी त्याच वर्षी न्हाणीघर नवीन करून घेतलं होतं. झालं तर मग! मी जिन्यातच त्यांना चार शब्द सुनावले, ह्यांनी सोसायटीला पत्र दिलं. तेव्हापासून तीन वर्षं बोलणं बंद. संक्रांतीचं हळदीकुंकूसुद्धा नाही.

मागच्या मे महिन्यात, अंगाची लाही होत असताना, सहज भिंतीला हात लावला तर गार, ओली! तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. ही पावसाची ओल नव्हे. आणि वरून पाणी येत असतं तर आधी छत भिजलं असतं. ते तर कोरडं ठणठणीत.

मग शाळेत मुलांना सांगायचे तेच स्वतः केलं, एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची. डागावर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवला. दोन दिवसांनी थेंब दिसले ते भिंतीकडच्या बाजूला. म्हणजे हवेतला दमटपणा नाही, पाणी भिंतीतूनच येतंय. डागाभोवती पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहिली. पलीकडे आमचंच न्हाणीघर. त्याचा कॉक बंद केला आणि स्वयंपाकघरातून बादल्या नेऊन तिथेच आंघोळी चालू ठेवल्या. म्हणजे सांडपाणी पूर्वीसारखंच जात होतं, फक्त नळाचा पाईप कोरडा. तीन आठवड्यांत डाग रेघेच्या आत सरकला!

प्लंबरने चार फरशा फोडल्या. आत जुन्या लोखंडी पाईपचा एल्बो गंजून पाझरत होता. आमचाच पाईप, आमचीच भिंत.

तो बदलला. ओला गिलावा विटेपर्यंत काढून भिंत दोन महिने उघडी ठेवली. लोणा कोरड्या ब्रशने झाडला. पाण्याने धुतला की तो विरघळून परत भिंतीत शिरतो, हे गवंड्याने शिकवलं. मग नवा गिलावा, आणि तो वाळल्यावर सगळ्यात शेवटी रंग. आम्ही पूर्वी शेवटापासून सुरुवात केली होती.

भिंत झाली, पण वरच्या अठरा पायऱ्या चढायला मला आणखी आठ दिवस लागले. वहिनींनी दार उघडलं. मी सगळं सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "बाई, तेव्हाच वर येऊन एकदा बघितलं असतंत तर?"

ह्याला काय उत्तर देणार? आयुष्यभर मुलांना 'आधी नीट वाच, मग उत्तर लिही' म्हणत आले.

चहा झाला. पहिल्यासारखं अजून नाही, पण जिन्यात आता थांबून बोलतो. ओल वाळायला वेळ लागतो. घाई करून वरून रंग मारायचा नाही, एवढं आता कळलंय.