उडून जाणारं पाणी

उन्हाळ्यात माझ्या 200 लिटरच्या समुद्री टँकमधून दिवसाला सुमारे दोन लिटर पाणी उडतं. उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून रोजची भर गोड्या पाण्याची घालायची. त्या पाण्यात जे विरघळलेलं असेल, ते मात्र आत राहतं आणि साठत जातं. टँक पहिल्यांदा भरताना सगळे काळजी घेतात. माझ्या मते खरी काळजी या रोजच्या दोन लिटरांची घ्यायला हवी.

नवे हौशी हमखास विचारतात, ‘स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी चालेल ना?’ प्रश्न रास्त आहे. त्यातलं मेम्ब्रेन हवं तेच काम करतं, विरघळलेले क्षार अडवतं. अडचण त्याच्या पुढे आहे. निव्वळ आरओचं पाणी बेचव लागतं, म्हणून बऱ्याच घरगुती यंत्रांत टीडीएस कंट्रोलरमधून मेम्ब्रेन न ओलांडलेलं थोडं पाणी त्यात परत मिसळतात, नाहीतर खनिजांच्या कार्ट्रिजमधून ते फिरवतात. यंत्राच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा टीडीएस 100 धरा, म्हणजे लिटरमागे 100 मिलिग्रॅम विरघळलेले क्षार. रोज दोन लिटर, तर वर्षाला 73 ग्रॅम. त्यातल्या कॅल्शियमची भीती नाही. समुद्राच्या पाण्यात ते लिटरला 400 मिलिग्रॅमच्या आसपास असतंच आणि प्रवाळ ते वापरतात. त्रास देतात ती नायट्रेट, फॉस्फेट आणि सिलिका. शेवाळ पोसतं ते यांच्यावर.

आणि तांबं. तांब्याच्या भांड्यातलं पाणी आपल्याकडे पिढ्यानपिढ्या पितात, त्यामुळे पाण्यात तांबं सोडणारे प्युरिफायर घरोघरी आले. समुद्री माशांच्या अंगावरच्या पांढऱ्या ठिपक्यांवर तांबं हे जुनं औषध आहे, लिटरला 0.2 मिलिग्रॅमच्या आसपास. तेवढ्याच तांब्याने कोळंबी, गोगलगाई आणि प्रवाळ मरतात. म्हणून हा उपचार वेगळ्या टाकीत करतात. शिवाय तांबं टँकमधल्या खडकांत मुरतं आणि सहजी निघत नाही. अशा यंत्राच्या नळाचं पाणी टँकला नकोच. इथे मी कुणाशी तडजोड करत नाही.

यंत्र बदलायची मात्र गरज नाही. मेम्ब्रेनमधून पाणी बाहेर पडतं तिथेच, कंट्रोलर आणि कार्ट्रिजच्या आधी, मेकॅनिककडून टी बसवून घ्यावी. त्या फाट्यावर उरलेले क्षार शोषणाऱ्या, थकलं की रंग बदलणाऱ्या डीआय रेझिनची नळी जोडली की टीडीएस मीटरवर शून्य दिसतं. मग भर याच पाण्याची, आणि टँकचं पाणी बदलायचं तेव्हा मीठही यातच कालवायचं, लिटरला साधारण 35 ग्रॅम.

पण शून्यावर फार विसंबू नये. टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो, आणि सिलिकामुळे वीज जवळजवळ वाहतच नाही. रेझिन थकू लागलं की आधी निसटते ती सिलिकाच, आणि मीटर शून्यच दाखवत राहतो. धरणाचं पाणी असेल तर हे एक वेळ खपून जातं. बोअरच्या पाण्याचं तसं नाही. आपल्या काळ्या कातळातून झिरपताना ते बरीच सिलिका घेऊन येतं. सोसायटीत बोअरचे टँकर सुरू झाले की मी रेझिनचा रंग पुरता पालटायची वाट पाहत नाही. काचेवर सिलिकावर पोसलेल्या शेवाळाची तपकिरी साय धरू लागली, की आधी रेझिन बदलतो आणि मग काच पुसतो.