स्वातीचे मोती

आमच्या मालगुंडला (हो, केशवसुतांचं मालगुंड, गणपतीपुळ्याच्या शेजारचं) पाऊस तारखेने नाही, नक्षत्राने मोजतात. सूर्य एका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस असतो. ७-८ जूनला मृग लागतो. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. आणि काकांकडे बहुतेक प्रत्येकाची एकेक म्हण तयार!

बरीच वर्षं मला वाटायचं, म्हणी म्हणजे जुन्या काळचं हवामान खातं. मग एकदा नीट ऐकलं. 'पडतील उत्तरा तर भात खाईना कुत्रा.' आता यात उत्तरा पडणारच असं कुठे म्हटलंय? हे भाकीत नाहीच मुळी, सरळ इफ-देन आहे. सप्टेंबरच्या उत्तरार्धात भाताचा दाणा भरत असतो. तेव्हा पाणी मिळालं तर एवढं पिकेल की कुत्रंसुद्धा कंटाळेल. पाऊस पडणार का, ते वेधशाळेने सांगावं. पडला तर काय, ते म्हण सांगते. मला भारी वाटलं.

पण मग 'पडतील स्वाती तर पिकतील मोती'चं काय?

स्वाती साधारण २४ ऑक्टोबरला लागतात. २०१९ साली नेमकं तेव्हाच, ऐन दिवाळीत, अरबी समुद्रात क्यार चक्रीवादळ झालं. ते किनाऱ्याला न लागता पश्चिमेला निघून गेलं, पण पाऊस कोकणाला झोडपून गेला. मी सुट्टीला घरीच होतो. कापलेलं भात शेतात पाण्यात पडलेलं. काकांनी एक पेंढी उचलून दाखवली. दाण्यांना चक्क कोंब फुटले होते.

मी शहाणपणा केला, "काका, स्वाती पडल्या की! मोती कुठायत?"

म्हणायला नको होतं. काका हसले नाहीत. जरा वेळाने म्हणाले, "ती म्हण घाटावरची रे. त्यांची ज्वारी तेव्हा उभी असते. आपलं भात आडवं."

म्हणजे इफ तोच, देन मात्र गावागणिक वेगळा. म्हण पाठ असून भागत नाही, ती कुठल्या पिकाची हेही ठाऊक लागतं. काकांना ते ठाऊक होतं, मला नव्हतं.

आता ऑक्टोबरात काकांचाच पुण्याला फोन येतो. "उपग्रहाचं चित्र बघ रे जरा. कापायला घेऊ का?" मी अंदाज वाचून सांगतो, आणि भात घरात येईपर्यंत जिवात जीव नसतो. प्रॉडक्शनला कोड टाकतानाही एवढी भीती वाटत नाही हो!