पहाडगंजच्या गच्चीवरचा संत्र्याचा केक

नवी दिल्ली स्टेशनवर पंजाब मेल किंवा झेलम एक्सप्रेसमधून उतरणाऱ्या मराठी प्रवाशाला पहाडगंज वेगळे शोधावे लागत नाही. एक नंबरच्या फलाटाकडून बाहेर पडले की समोरच पहाडगंज सुरू होते. सायकलरिक्षा, ई-रिक्षा, हमाल, पाठीवर भलीमोठी पिशवी अडकवलेले परदेशी तरुण, छोले-भटुऱ्यांच्या कढया आणि एकावर एक चढलेल्या हॉटेलांच्या पाट्या. या गर्दीतून वाट काढत माणूस मेन बाजारात शिरतो तेव्हा त्याचे लक्ष खिशातल्या पाकिटाकडे असते. मान वर करून गच्च्यांकडे पाहायला त्याला सवड नसते.

वर पाहिले तर मात्र दुसरे पहाडगंज दिसते. पाण्याच्या काळ्या टाक्या, वाळत घातलेल्या चादरी, पतंगाचे अडकलेले सांगाडे आणि त्यांच्या मधूनच तुळस, कढीपत्ता, लिंबू यांच्या कुंड्या. अशाच एका गच्चीवर गेली कित्येक वर्षे पत्र्याच्या अर्ध्या पिंपात किन्नूचे एक झाड उभे होते. दर हिवाळ्यात त्या झाडाच्या फळांचा केक व्हायचा आणि गल्लीतल्या घराघरांत त्याची एकेक फोड जायची. यंदा मात्र तो केक होतो की नाही, असा प्रश्न उभा राहिला.

जुन्या आणि नव्या दिल्लीच्या मधोमध

पहाडगंज ही काही आजची वस्ती नव्हे. शाहजहानने वसवलेल्या शहराच्या तटाबाहेर, अजमेरी दरवाजाच्या पलीकडे मोगल काळात इथे धान्याचा मोठा बाजार भरत असे. जवळच्या रायसीना टेकडीवरून 'पहाड' आणि बाजारपेठ म्हणून 'गंज', असा या नावाचा अर्थ सांगितला जातो. पुढे १९११ साली राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवण्याची घोषणा झाली, १९३१ साली नव्या दिल्लीचे उद्घाटन झाले आणि पहाडगंज जुन्या व नव्या शहराच्या मध्ये सापडले. १९४७ च्या फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेली निर्वासित कुटुंबे इथे स्थिरावली. त्यांनी दुकाने थाटली, ढाबे काढले. सत्तरच्या दशकात युरोपातून जमिनीच्या मार्गाने भारतात येणाऱ्या हिप्पी तरुणांना स्वस्तातली खोली इथेच मिळू लागली आणि राहत्या घरांची हळूहळू गेस्ट हाऊस होऊ लागली.

मराठी माणसालाही पहाडगंज परके नाही. इथल्या आरामबाग भागात नूतन मराठी शाळा आहे, बृहन्महाराष्ट्र भवन आहे. सरकारी नोकरीसाठी दिल्लीत आलेल्या कितीतरी मराठी कुटुंबांच्या मुलांनी या भागातच बाराखडी गिरवली. गणपतीच्या दिवसांत स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर मराठी आरती कानी पडावी, यात नवागताला केवढा तरी धीर असतो!

गच्चीवरचे झाड ज्यांचे, त्या काकूही अशाच आलेल्या. माहेर अमरावती जिल्ह्यातले, संत्र्यांच्या बागांच्या मुलखातले. लग्नानंतर पतीच्या नोकरीमुळे दिल्लीला आल्या त्या इथल्याच झाल्या. आज सत्तरी ओलांडली आहे, पण गल्लीतल्या पंजाबी बायकाही त्यांना 'काकू' असेच म्हणतात.

नागपुरी संत्रे आणि पंजाबी किन्नू

पहिल्यांदा काकूंनी माहेरहून येताना नागपुरी संत्र्याचे कलम आणले होते. ओल्या गोणपाटात गुंडाळून, रेल्वेच्या डब्यात मांडीवर घेऊन. दिल्लीच्या मे-जूनमधली लू आणि जानेवारीतली कडाक्याची थंडी या दोहोंपुढे त्याने हात टेकले. दोन वर्षांत ते वाळून गेले.

"तिकडचं झाड इकडे रडतं हो. इकडचंच लावा," असा सल्ला शेजारच्या पंजाबी आजींनी दिला आणि किन्नूचे कलम आले.

किन्नूची कुळकथाही ऐकण्यासारखी आहे. 'किंग' आणि 'विलो लीफ' या दोन जातींच्या संकरातून अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या संशोधन केंद्रात हॉवर्ड फ्रॉस्ट यांनी हे फळ तयार केले. १९३५ साली ते प्रसारित झाले आणि पंजाबच्या हवेत असे रुळले की आज उत्तर भारतात हिवाळ्यात गाडीगाडीवर किन्नूच दिसतो. नागपुरी संत्र्याची साल सैल, सहज सुटणारी. किन्नूची घट्ट बसलेली आणि चकचकीत. बिया भरपूर, रसही भरपूर.

पिंपात लावलेल्या झाडाला आपण म्हणतो तेवढे सोपे आयुष्य नसते. तळाला भोके पाडून विटांचे तुकडे घालावे लागतात, नाहीतर मुळे कुजतात. कोवळ्या पालवीवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी येते. ती लिंबाच्या फुलपाखराची. काकू ती सकाळी चिमट्याने वेचतात. एका वर्षी झाड भरभरून फळते, तर पुढच्या वर्षी हात आखडता घेते. हा किन्नूचा स्वभावच आहे. पण सर्वात महत्त्वाचे म्हणजे ऊन. लिंबूवर्गीय झाडांना दिवसाकाठी निदान सहा तास तरी स्वच्छ ऊन हवे.

आणि नेमके तेच कमी होत गेले.

ऊन कुठे गेले?

दक्षिणेकडचे घर विकले गेले आणि त्या जागी हॉटेल उभे राहिले. दोन मजल्यांचे चार झाले. डिसेंबरात दिल्लीचा सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून ३८ अंशांच्या आसपासच असतो. उंच भिंतीची सावली काकूंच्या गच्चीवर सकाळपासून पसरू लागली. एका हिवाळ्यात झाडाला चाळीसच्या वर फळे होती, पुढच्याला अठरा, आणि यंदा मोजून सात! एक वर्ष आड म्हणावे, तर सलग दोन वर्षे उतरतीच लागली होती.

मुलाने व्यवहाराची गोष्ट सुचवली. "आई, ते पिंप आता काढून टाकू. गच्चीवर एक खोली काढली तर भाडं तरी येईल. बाजारात किन्नू ढिगाने मिळतात."

त्याचे चुकत होते असे नाही. पहाडगंजमध्ये वीतभर जागेलाही मोल आहे. सून काही बोलली नाही. काकूही बोलल्या नाहीत. त्यांनी सात फळांपैकी दोन तोडली आणि केकचे भांडे काढले.

भट्टीपासून ओव्हनपर्यंत

काकूंच्या केकचा जन्म घरात झालेला नाही. उत्तर भारतात घरचे पीठ, तूप, साखर घेऊन गल्लीतल्या भट्टीवर जायचे आणि आपल्यासमोर बिस्किटे भाजून डबा भरून आणायचा, अशी जुनी रीत आहे. काकू नव्याने आल्या तेव्हा शेजारणींबरोबर त्याही जात. तिथेच त्यांनी बड्या दिवसाच्या सुमारास केकचे डबे भट्टीत जाताना पाहिले. पाव भाजून झाले, आच थोडी उतरली की केकची पाळी येई. पुढे घरात काचेचे झाकण असलेला गोल विजेचा ओव्हन आला आणि भट्टीची फेरी थांबली.

मेन बाजारात परदेशी पाहुण्यांसाठी उघडलेल्या कॅफेंच्या काचेमागे लांबट केकच्या वड्या मांडलेल्या असतात. 'जर्मन बेकरी' हे नाव पुण्याच्या कोरेगाव पार्कमुळे मराठी वाचकांना ठाऊक आहेच. तशी पाटी इथेही दिसते. पावाच्या आकाराचा तो लांबट साचा काकूंनी तिथूनच पाहून घेतला. वर आयसिंग नाही, चेरी नाही. सुरीने सरळ काप काढायचे आणि चहाबरोबर खायचे.

या केकची सगळी खुबी सालीत आहे. सालीच्या वरच्या केशरी थरात सुगंधी तेलाच्या बारीक पिशव्या असतात. त्याखालचा पांढरा थर कडू. म्हणून फळ किसणीवर हलक्या हाताने फिरवायचे आणि पांढरे दिसू लागले की थांबायचे. बाजारातल्या फळांना पुष्कळदा मेणाचा हात दिलेला असतो. ती कोमट पाण्याने चोळून धुतल्याशिवाय किसू नयेत. घरच्या फळाला ही भीती नाही. दुसरी गोष्ट, किन्नूचा रस काढून ठेवला की काही वेळाने कडवट होतो. बिया चिरडल्या तर आणखीच. त्यामुळे साहित्य तयार ठेवून रस अगदी शेवटी काढायचा.

काकूंची पद्धत अशी : मैदा २०० ग्रॅम, लोणी १५० ग्रॅम, पिठीसाखर १५० ग्रॅम, अंडी ३, बेकिंग पावडर दीड चमचा, चिमूटभर मीठ, दोन किन्नूंच्या सालीचा कीस आणि पाव वाटी रस. आधी साखरेत कीस घालून बोटांनी चोळावा, म्हणजे तेल साखरेत उतरते. मग त्यात लोणी घालून मिश्रण पांढुरके होईपर्यंत फेटावे. अंडी एकेक करून घालावीत. फाटल्यासारखे दिसले तर चमचाभर मैदा टाकावा. मैदा, बेकिंग पावडर व मीठ दोनदा चाळून हलकेच मिसळावे आणि शेवटी रस घालावा. तूप-मैदा लावलेल्या लांबट साच्यात ओतून १७५ अंश सेल्सिअसवर ४५ ते ५० मिनिटे भाजावे. मध्ये खुपसलेली काडी कोरडी निघाली की झाले. केक गरम असतानाच त्याला काडीने भोके पाडून दोन चमचे रसात दोन चमचे पिठीसाखर विरघळवून वरून सोडावी. अंडी चालत नसतील त्यांनी त्याऐवजी पाऊण वाटी गोड दही आणि पाव चमचा खाण्याचा सोडा घ्यावा. दह्यातल्या व रसातल्या आंबटपणामुळे सोडा फुलतो आणि केक हलका होतो.

एक फोड भिंतीपलीकडे

केक निवला तसे त्याचे काप झाले. नेहमीप्रमाणे शेजारच्या आजींच्या घरी, वरच्या बिऱ्हाडात, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला. एक बशी मात्र उरली. काकूंनी ती पदराखाली धरली आणि त्या प्रथमच त्या नव्या हॉटेलाच्या पायऱ्या चढल्या.

मॅनेजर गढवालकडचा तरुण. "आंटीजी, ये किस खुशी में?" त्याने विचारले.

"खुशी में नहीं. हमारे पेड़ का आखिरी केक है, इसलिए," काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. तुमची भिंत, आमचे झाड, ऊन कुणाच्या मालकीचे नाही, एवढेच त्यांनी आपल्या मराठी वळणाच्या हिंदीत सांगितले.

तरुणाने एक काप खाल्ला, मग दुसरा. त्याच्या गावीही घराघरापुढे माल्टा आणि गलगलाची झाडे असतात. थोड्या वेळाने तो म्हणाला, "आंटीजी, धूप तो अब हमारी छत पर है. पेड़ भी वहीं रख दीजिए."

काकूंना ते खरे वाटेना. मालकाची परवानगी? पाणी कोण घालणार? पाहुण्यांनी फळे तोडली तर? एकेका प्रश्नाचे उत्तर मिळत गेले. मालकाला फोन झाला. पाणी सकाळी हॉटेलचा मुलगा घालणार, रविवारी काकू स्वतः. आणि भाडे? "हर सर्दी में एक केक," मॅनेजरने हसत सांगितले.

जानेवारीच्या शेवटी, उरलेली पाच फळे उतरवल्यावर आणि नवा बहर धरण्याआधी, झाड हलवायचे ठरले. आदल्या दोन दिवसांपासून पाणी तोडले, म्हणजे माती हलकी होते. फांद्या सुतळीने बांधल्या. हॉटेलची चार मुले आणि काकूंचा मुलगा, अशा पाच जणांनी दोरखंड लावून ते पिंप दोन जिन्यांवरून उतरवले आणि चार जिने चढवले. सर्वात जास्त घाम मुलालाच आला. वर पोहोचल्यावर पिंपाखाली विटा त्यानेच नीट लावल्या. खोलीचा विषय त्या दिवशी कुणी काढला नाही.

मार्चमध्ये दिल्लीत पानगळ आणि नवी पालवी एकाच वेळी चालू असते. एका सकाळी समोरच्या कठड्यावरून हाक आली, "आंटीजी, फूल आ गए!" काकू चार जिने चढून गेल्या. हिरव्या पानांत पांढरी फुले उमलली होती. गच्चीवर चहा घेत बसलेले दोन परदेशी पाहुणे वास कुठून येतो ते शोधत होते. समोर नवी दिल्ली स्टेशनची लांबच लांब छपरे उन्हात चमकत होती.

आलेल्या सगळ्या फुलांची फळे होत नसतात. मे-जूनच्या उन्हाळ्यात बारीक हिरवी फळे गळून पडतात. शिवाय जागा बदललेले झाड वर्षभर रुसते, हे काकूंना बागांच्या मुलखात वाढल्यामुळे पक्के माहीत आहे. म्हणून त्यांनी फुले मोजली नाहीत. खाली येऊन त्यांनी केकचा लांबट साचा घासला, कोरडा केला, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळला आणि माळ्यावर न टाकता हाताशी येईल अशा फळीवर ठेवला.

दिल्लीला जाणाऱ्यांनी लाल किल्ला, कुतुबमिनार जरूर पाहावे. मेट्रोने रामकृष्ण आश्रम मार्ग स्थानकावर उतरले की पहाडगंजही पायी हिंडता येते. फक्त एकदा तरी मान वर करून तिथल्या गच्च्यांकडे पाहावे. गर्दीच्या डोक्यावर, टाक्यांच्या आड, कुणीतरी आपले ऊन शेजाऱ्याबरोबर वाटून घेत असेल.