वर्षावनातील साक्षीदार

वर्षावनात प्रथमच पाऊल टाकणाऱ्या माणसाला काय दिसते? खरे सांगायचे तर काहीच दिसत नाही. दूरदर्शनवरील माहितीपट पाहून आपली समजूत झालेली असते की, फांदीफांदीवर रंगीबेरंगी पक्षी बसलेले असतील, वेलींना साप लोंबत असतील आणि आपण फक्त कॅमेऱ्याची कळ दाबायची. कोस्टा रिका देशातील सारापिकी भागात पहिल्या सकाळी मी तासभर चाललो आणि हिरव्या अंधाराखेरीज माझ्या पदरात काही पडले नाही. वर कोठेतरी हाऊलर जातीची माकडे गर्जत होती. त्यांचा आवाज दोन-तीन मैलांवरून ऐकू येतो, अंग मात्र दिसत नाही. झाडांच्या माथ्यावर लख्ख ऊन असते. जमिनीपर्यंत त्यातील शेकडा एक-दोन भाग प्रकाशच झिरपतो. तेवढ्या उजेडात छायाचित्र काढणे म्हणजे समईच्या प्रकाशात सुईत दोरा ओवण्यासारखे आहे.

मी छायाचित्रकार नव्हे. माझा पुतण्या आहे. नोकरीनिमित्त तो अमेरिकेत स्थायिक झाला आहे आणि उरलेला वेळ व उरलेला पैसा तो कॅमेऱ्याच्या भिंगांवर खर्च करतो. २०२३ साली ईस्टरनंतर मला महिन्याची रजा मिळाली, मी त्याच्याकडे मुक्कामाला गेलो, आणि त्याने आधीच नाव नोंदवलेल्या एका सहलीत मला ओढले. सहा छायाचित्रकार, एक मार्गदर्शक आणि ट्रायपॉड वाहणारा एक पाद्री, असा आमचा तांडा होता. खर्च पुतण्यानेच केला हे येथेच सांगून टाकलेले बरे. नाहीतर आमच्या धर्मग्रामाच्या अर्थसमितीचे सभासद हा लेख वेगळ्याच नजरेने वाचायचे!

आमचा मार्गदर्शक त्याच भागातला, चाळिशीतला, सडपातळ गृहस्थ. कॅथलिक धर्म राज्यघटनेतच नोंदलेला असा तो देश. त्यामुळे मी धर्मगुरू आहे हे कळताच तो मला ‘पाद्रे’ म्हणू लागला. त्याच्या वडिलांनी गुरांच्या कुरणासाठी जंगल तोडले होते. मुलगा त्याच जंगलाचे उरलेले तुकडे दाखवून पोट भरतो. त्याची नजर ही मला त्या आठवड्यातील सर्वांत मोठी नवलाई वाटली. एका ताडाच्या रोपट्यापाशी आम्ही आठही जण पुढे गेलो होतो. तो थांबला, मागे वळला आणि हातभर अंतरावर बोट केले. तेथे अंगठ्याएवढ्या जाडीचा, हळदीसारखा पिवळा विषारी साप वेटोळे घालून बसला होता. डोळ्यांवर पापण्यांसारखे खवले असलेला. ‘तुम्हाला तो दिसला कसा?’ असे मी विचारले. तो म्हणाला, ‘पाद्रे, मी प्राणी शोधतच नाही. जी रेघ पानाची नाही, ती शोधतो.’

सारापिकीजवळच ला सेल्व्हा नावाचे संशोधन केंद्र आहे. १९६८ पासून तेथे उष्ण कटिबंधातील जंगलांचा अभ्यास चालतो. वर्षाकाठी सुमारे चार मीटर पाऊस पडतो. आपल्या आंबोलीत याहून अधिक पडतो, परंतु तो चार महिन्यांत ओतून मोकळा होतो. येथे बारा महिने ठिबकत असतो. या सततच्या ओलाव्यावर जगणारा एक बेडूक आहे. अंगठ्याच्या नखाएवढा, अंग स्ट्रॉबेरीसारखे लालभडक आणि पाय निळे. म्हणून त्याला तेथे ‘ब्लू जीन्स’ म्हणतात. त्याचे चित्र काढायचे तर भिंग त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर आणावे लागते, म्हणजे चिखलात पालथे पडावे लागते. गुरुदीक्षेच्या दिवशी मी वेदीपुढे असा पालथा पडलो होतो; त्यानंतर आजच.

त्या बेडकाचा संसार ऐकण्यासारखा आहे. मादी पाचोळ्यात मोजकी अंडी घालते. नर ती ओली ठेवतो. पिल्ले बाहेर आली की मादी एकेकाला पाठीवर घेऊन झाडावर चढते आणि अननसाच्या कुळातील वनस्पतींच्या पानांच्या बेचक्यात साचलेल्या पाण्यात सोडते. प्रत्येक पिल्लासाठी वेगळी खोली! पुढे कित्येक आठवडे ती पुन:पुन्हा तेथे जाते आणि पिल्लाला खायला स्वत:ची फलित न झालेली अंडी देते. हे आम्ही पाहिले असे म्हणणार नाही. मार्गदर्शकाने सांगितले आणि आम्ही लाल ठिपक्याकडे पाहत ऐकले. हात लावण्यास त्याची सक्त मनाई होती. बेडकाची कातडी ओल्या टीपकागदासारखी सर्व काही शोषून घेते आणि आमच्या हातांना तर डास पळवण्याचे औषध फासलेले.

दुसऱ्या दिवशी मात्र वेगळाच प्रकार पाहिला. आमच्या कार्यक्रमात एका खाजगी बागेची भेट होती. बागेचा मालक प्लास्टिकचे डबे घेऊन आला. झाकण उघडले, आत लाल डोळ्यांचा हिरवा वृक्षबेडूक. कोस्टा रिकाच्या प्रत्येक भेटकार्डावर जो असतो तोच. मालकाने त्याला अलगद उचलून हेलिकोनियाच्या लालभडक फुलोऱ्यावर ठेवले, मागे काळा पडदा धरला, दिवे लावले. आमच्या तांड्याने अर्ध्या तासात शेकडो चित्रे घेतली. बेडूक हलला की मालक त्याला पुन्हा जागेवर बसवी. आमचा मार्गदर्शक झाडाखाली जाऊन पाणी पीत उभा राहिला होता. तो काही बोलला नाही.

रात्री जेवताना मी त्याला छेडले तेव्हा त्याने सांगितले की, हा बेडूक निशाचर आहे. दिवसा तो पानाच्या खालच्या बाजूस चिकटून झोपतो; लाल डोळे मिटतो, निळ्या-पिवळ्या कुशी आणि नारिंगी पाय पोटाखाली दुमडून घेतो आणि पानाचाच भाग होऊन जातो. कोणी त्याला डिवचले तरच तो डोळे टक्क उघडतो. भक्षक क्षणभर दचकावा आणि आपल्याला उडी मारायला वेळ मिळावा म्हणून. याचा अर्थ असा की, दिवसाउजेडी डोळे विस्फारून बसलेल्या त्या बेडकाचे चित्र आपण पाहतो, तेव्हा बहुधा कोणीतरी नुकतेच उठवलेल्या प्राण्याचे चित्र पाहतो. आपण त्याला ‘गोड’ म्हणतो.

पुतण्याचे म्हणणे वेगळे होते आणि ते मी येथे प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. ‘फादरकाका, बेडकाला इजा झाली नाही. मालकाला पैसे मिळाले. पैसे मिळतात म्हणून तो तळे राखतो, झाडे तोडत नाही. यात वाईट काय?’ या युक्तिवादातील पहिला भाग मला पटला नाही, दुसरा पटला. मी त्याला एवढेच विचारले, ‘स्पर्धेला पाठवशील तेव्हा चित्राखाली काय लिहिशील?’ तो म्हणाला, ‘लाल डोळ्यांचा वृक्षबेडूक, सारापिकी, कोस्टा रिका. यात खोटे काय आहे?’ सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला मनात एक ठेवून दुसरे बोलण्यावर एक अख्खे प्रकरण असे. शब्द सगळे खरे, ऐकणाऱ्याची समजूत तेवढी खोटी. परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न येई.

हा वाद केवळ आमच्या घरचा नव्हे. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमची वन्यजीव छायाचित्रणाची स्पर्धा जगात मानाची समजली जाते. २०१७ च्या स्पर्धेत तेथे ब्राझीलमधील एका मुंगीखाऊच्या चित्राला पारितोषिक मिळाले : रात्र, तारे, काजव्यांसारखे चमकणारे किडे आणि वारुळाकडे निघालेला मुंगीखाऊ. तो मुंगीखाऊ पेंढा भरलेला असण्याची दाट शक्यता तज्ज्ञांनी वर्तवली आणि २०१८ साली ते पारितोषिक काढून घेण्यात आले. छायाचित्रकाराने आरोप नाकारला. पुतण्याला ही गोष्ट माझ्या आधीपासून ठाऊक होती. त्याचे हेलिकोनियावरील बेडकाचे चित्र आज त्याच्या बैठकीच्या खोलीत टांगलेले आहे. स्पर्धेला त्याने ते पाठवले नाही. का, ते मी विचारलेले नाही.

त्या रात्री मला वसईची आठवण झाली. माझ्या लहानपणी पहिल्या पावसानंतर भातखाचरांत पिवळेधमक नरबेडूक डरकू लागत आणि अंधार पडला की पेट्रोमॅक्सचे दिवे व गोणी घेऊन माणसे शेतात उतरत. डोळ्यांवर झोत पडला की बेडूक जागीच थिजतो. मग तो नुसता उचलायचा. त्यांच्या तंगड्या परदेशी जात. १९८७ साली सरकारने ही निर्यात बंद केली. कपाळावर विजेरी बांधून मी सारापिकीच्या तळ्याकाठी उभा होतो, तेव्हा त्या उजेडाची आणि त्या थिजलेल्या डोळ्यांची आठवण होणे अपरिहार्यच होते.

त्या तळ्यावर आम्हाला मार्गदर्शकाने स्वत: नेले होते, कार्यक्रमपत्रिकेत ते नव्हते. पाऊस पडत होता. वरच्या झाडांतून बेडूक एकेक पाऊल टाकीत, हळू चालत पाण्याकडे उतरत होते. पाण्यावर झुकलेल्या पानांना अंड्यांचे पारदर्शक पुंजके चिकटले होते आणि त्यांत आतली पिल्ले वळवळताना दिसत. ही अंडी साधारण सहा-सात दिवसांनी उबतात. परंतु साप पानावर येऊन पुंजका खाऊ लागला तर त्याच्या हिसक्याने पिल्ले दोन दिवस आधीच, पाहता पाहता, अंडी फोडून खालच्या पाण्यात उड्या टाकतात. कॅरन वॉर्केंटिन या संशोधिकेने हे १९९५ साली जगापुढे मांडले. पावसाच्या थेंबांनी तेच पान हलले तर पिल्ले स्वस्थ राहतात. अजून जन्मही न झालेल्या जिवाला संकट आणि पाऊस यांतला फरक कळतो! प्रत्येकाला दोनच वेळा फ्लॅश उडवण्याची परवानगी होती. मग सगळे दिवे विझवायला सांगितले आणि आम्ही अंधारात नुसते ऐकत उभे राहिलो.

तेथून आम्ही दक्षिणेकडील डोंगरात, सान हेरार्दो दे दोता येथे केत्साल पाहण्यास गेलो. आपल्या सह्याद्रीतील कर्णा पक्ष्याच्या कुळातला हा पक्षी. पाठ पाचूसारखी, पोट लाल, आणि नराची शेपटी भलतीच लांब. रानटी अवोकाडोची छोटी फळे तो अख्खी गिळतो आणि बी ओकून टाकतो. त्याच्याबद्दल कवींनी पुष्कळ लिहिले असेल. मला तेथील शेतकरी अधिक भावले. पूर्वी कुरणासाठी झाडे तोडणारे हेच लोक आज बांधावर रानटी अवोकाडो राखतात, कारण पहाटे पाच वाजता त्या झाडाखाली पैसे मोजणारे पाहुणे येऊन उभे राहतात. १९८० च्या दशकात कोस्टा रिकात जंगल देशाच्या जेमतेम चतुर्थांश भूमीवर उरले होते. आज ते निम्म्याहून अधिक भूमीवर आहे. १९९६ च्या कायद्याने झाडतोडीवर निर्बंध आले आणि जंगल राखणाऱ्या जमीनमालकाला मोबदला मिळू लागला. त्यासाठी इंधनावरील कराचा पैसा वापरतात. कॅमेरेवाल्यांचा पैसाही त्यात आलाच. पुतण्याचे म्हणणे येथे मला पुन्हा आठवले.

शेवटचा मुक्काम मोंतेव्हेर्दे. १९५१ साली अमेरिकेतून आलेल्या क्वेकर पंथीयांनी हे गाव वसवले. सक्तीची लष्करभरती त्यांच्या विवेकाला मान्य नव्हती आणि कोस्टा रिकाने १९४८ मध्ये आपले सैन्यच मोडीत काढले होते. त्यांनी दुधाचा धंदा उभारला, परंतु डोंगरमाथ्यावरील बरेचसे जंगल पाण्यासाठी म्हणून तोडले नाही. १९७२ मध्ये त्यातून अभयारण्य आकारास आले. तेथे जंगल ढगांतच उभे असते. खोडांवर शेवाळ, शेवाळावर नेचे, नेच्यांवर आमरीची फुले.

याच डोंगरकड्यावर, आणि पृथ्वीवर अन्यत्र कोठेही नाही असा, सोनेरी भेक राहत असे. नर पेटत्या निखाऱ्यासारखा नारिंगी. शास्त्राला त्याची ओळख १९६६ साली झाली. वर्षातील बहुतेक काळ तो जमिनीखाली असे; पहिल्या पावसाच्या सुमारास काही दिवस वर येई आणि झाडांच्या मुळांमध्ये साचलेल्या डबक्यांत त्यांची झुंबड उडे. १९८७ मध्ये दीड हजारांहून अधिक मोजले गेले. १९८८ मध्ये सगळे मिळून दहा. १५ मे १९८९ रोजी एक. त्यानंतर कोणालाही दिसला नाही. २००४ साली तो नामशेष झाल्याची नोंद झाली. एका बुरशीचा रोग, त्या वर्षांतील दुष्काळ, वर सरकत चाललेले ढग, यांपैकी कशाचा वाटा किती यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

संग्रहालयातील बाटल्यांमध्ये त्याचा रंग उरलेला नाही. तो रंग आपल्याला ठाऊक आहे तो छायाचित्रांमुळे. मोंतेव्हेर्देत ती चित्रे मी बराच वेळ पाहत राहिलो. त्यांत भेक आहेत, पण त्याबरोबर काळी माती आहे, उघडी मुळे आहेत, मूठभर गढूळ पाणी आहे आणि एकमेकांना बिलगलेले दहा-बारा नर आहेत. तो कोठे राहत होता, किती जणांत राहत होता, हे त्या मातीवरून कळते. काळा पडदा धरून कोणी त्याला फुलावर बसवले असते, तर आज आपल्यापाशी नुसता एक नारिंगी बेडूक उरला असता. १९८७ साली कळ दाबणाऱ्यांना आपण कशाची साक्ष नोंदवत आहोत याची कल्पना नव्हती. मी हे पुतण्याला बोलून दाखवले. तो ‘हं’ म्हणाला आणि पुढच्या चित्राकडे गेला.

भेकांची ती मूळ जागा आमच्या वाटेवर नव्हती. पण मे महिना लागला होता, आदल्या रात्री पाऊस झाला होता आणि वाटेच्या कडेला एका वाकड्या झाडाच्या मुळांत पाणी साचलेले होते. मार्गदर्शक तेथे गुडघ्यावर बसला, विजेरी काढली आणि डबक्यात प्रकाश टाकला. ‘दर वर्षी या दिवसांत बघतो,’ एवढेच तो म्हणाला. पुतण्याने कॅमेरा खांद्यावरून काढून भिंगावरचे झाकण उघडले. पाणी नितळ होते. तळाशी कुजलेली पाने होती आणि एक पाणकिडा इकडून तिकडे जात होता.